फायर अलार्म यंत्रणेचे प्रशिक्षण

आगीची चाहूल घेऊन इमारतीतील माणसांना सावध करणाऱ्या यंत्रणेची आखणी, उभारणी आणि चाचणी मानकांनुसार कशी करावी, याचे शिक्षण म्हणजे फायर अलार्म यंत्रणेचे प्रशिक्षण होय. भारतात त्याचा मुख्य आधार भारतीय मानक ब्युरोची आयएस २१८९ ही संहिता असून, कोणत्या इमारतीला अशी यंत्रणा लागते हे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात दिले आहे. ब्रिटनमध्ये बीएस ५८३९ आणि अमेरिकेत एनएफपीए ७२ ही मानके प्रचलित आहेत. आखाती देशांत कामाला जाणाऱ्या तंत्रज्ञांना त्यांचीही ओळख असावी लागते.

आखणीची सुरुवात भूमितीपासून होते. सपाट छताखालील मोकळ्या जागेत कोणताही बिंदू जवळच्या धूर-डिटेक्टरपासून ७.५ मीटरपेक्षा, किंवा उष्णता-डिटेक्टरपासून ५.३ मीटरपेक्षा दूर नसावा. हा आकडा दोन डिटेक्टरांमधील अंतराचा नसून वर्तुळाच्या त्रिज्येचा आहे, हे शिकणाऱ्याच्या मनात पक्के होणे फार महत्त्वाचे आहे. त्रिज्येची दुप्पट करून धूर-डिटेक्टर १५ मीटरवर लावले, तर चार डिटेक्टरांच्या मधोमध असलेली जागा प्रत्येकापासून सुमारे १०.६ मीटर दूर पडते आणि उघडी राहते. म्हणून चौरस मांडणीत ते १०.६ मीटरच्या आतच बसवावे लागतात. स्वयंपाकघरात मात्र धूर-डिटेक्टर टाळून उष्णता-डिटेक्टर निवडतात, कारण फोडणीच्या धुराने रोज वाजणारा हूटर (धोक्याचा भोंगा) रहिवासी शेवटी बंदच करून टाकतात.

बॅटरीचे गणितही आखणीतच येते. वीज गेल्यावर २४ तास पहारा आणि त्यानंतर अर्धा तास हूटर, असा सर्वसाधारण हिशेब असतो. पहाऱ्याच्या स्थितीत ०.२५ अँपिअर आणि अलार्मच्या स्थितीत १.२ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर ६.६ अँपिअर-तास होतात. बॅटरी जुनी होत जाते म्हणून त्यात पाव हिस्सा वाढवून ८.२५ धरतात.

उभारणीत वायरिंगची शिस्त शिकवली जाते. साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये (यंत्रणेच्या नियंत्रण पेटीत) झोनच्या, म्हणजे एका तारेवर जोडलेल्या विभागाच्या, शेवटच्या डिटेक्टरवर एक रेझिस्टर (विद्युत रोधक) असतो आणि त्याच्यातून वाहणाऱ्या किंचित प्रवाहावरून तार अखंड असल्याचे पॅनेलला कळते. मधूनच फाटा काढून एखादा डिटेक्टर जोडला, तर तो फाटा तुटला तरी पॅनेल फॉल्ट, म्हणजे बिघाड, दाखवत नाही.

प्रशिक्षणाचा खरा कस चाचणीत लागतो. डिटेक्टरवरचा दिवा लागला एवढ्यावर न थांबता चाचणीचा धूर त्याच्या कक्षात सोडून पॅनेलवर योग्य जागेचे नाव येते का, हूटर वाजतो का, लिफ्ट तळमजल्यावर येते का, वातानुकूलनाचे पंखे थांबतात का, ही सगळी साखळी तपासायची असते. आवाज सर्वसाधारणपणे किमान ६५ डेसिबल लागतो. झोपण्याच्या खोलीत मात्र दार लावून उशीपाशी ७५ डेसिबल मोजावे लागतात, कारण जागे असलेल्याला ऐकू येणारा आवाज झोपलेल्याला उठवेलच असे नाही. मुख्य वीज तोडून हीच चाचणी बॅटरीवर पुन्हा घेतात.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्था यंत्रणा बसवल्यावर नमुना ‘अ’ मधील प्रमाणपत्र देते, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले आणि पुढील वर्षी नागपूरला आले. अग्निशमन अधिकाऱ्यांना तेथे शिक्षण मिळते.