ध्रुवीय भोवरा वेगळा, नागपूरची थंडी वेगळी

नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत पारा दहाच्या खाली उतरला, की फोनवर तोच मेसेज फिरायला लागतो: ‘ध्रुवीय भोवरा नागपूरवर आलाय.’ सोबत गोठलेल्या शिकागोचा व्हिडिओ. दर हिवाळ्यात हे वाचून वैताग येतो.

थंडीची लाट नागपूरकरांना समजावून सांगायला नको. पहाटे हुडहुडी, दुपारी स्वेटर काढून हातात. भोवऱ्याचा जोरही हिवाळ्यातच असतो, साम्य एवढंच.

उत्तर ध्रुवाभोवती, जमिनीपासून साधारण १६ ते ५० किलोमीटर उंचीवर फिरणारे पश्चिमी वारे म्हणजे भोवरा. ते दुबळे पडले, की पुढच्या काही आठवड्यांत खालचा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून वेगानं वाहणाऱ्या वाऱ्यांचा पट्टा, नागमोडी होऊ शकतो आणि ध्रुवाकडची गार हवा दक्षिणेला घसरते. घोळ होतो तो इथून पुढे. ही हवा जड असते, जमिनीला धरून सरकते. अमेरिकेत तिला अडवणारी पूर्व-पश्चिम डोंगररांग नाही. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला. त्यामुळे ती थेट टेक्सासपर्यंत उतरते. आपल्याकडे हिमालय आणि तिबेटचं पठार आडवं पडलंय. ते ओलांडून ध्रुवावरची हवा विदर्भात येत नाही.

मग आपला गारठा कुठला? भूमध्य समुद्राकडून आलेला पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली, हिमालयात बर्फ पाडून पुढे जातो. त्याच्यामागून कोरडे उत्तरेचे वारे मध्य प्रदेशातून आपल्याकडे शिरतात. आभाळ निरभ्र असलं, की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पहाटे पारा तळाला जातो. बंगालच्या उपसागराकडून ढग आले, की हीच थंडी एका रात्रीत पळते.

तारखा लावून बघा. नागपुरात ३.५ अंशांचा नीचांक नोंदला गेला २९ डिसेंबर २०१८ ला. भोवरा दुबळा होऊन दुभंगला त्यानंतर, जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला. शिकागो गोठलं ३० जानेवारीला. तिथं भर दुपारीही पारा उणे २० च्या वर चढला नाही.

आर्क्टिकचा आपल्याशी संबंधच नाही, असं मात्र कुणी समजू नये. १९७९ पासून तो जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतोय. तिथल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हे तपासणं महत्त्वाचं आहे. त्यासाठीच भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. उद्या पहाटे शेकोटी लागेल का, हे बघायचं असेल तर काश्मीरातल्या बर्फाची बातमी आणि विदर्भावरच्या ढगांचा नकाशा बघा.