निव्वळ वजन कोणी काढायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, मी काट्यावरच्या पावतीचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. हंगाम ऐन भरात होता, फाटकाबाहेर बंड्या आणि ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॉलीचं भरलं वजन ४,८६० किलो, कापूस खाली केल्यावर रिकामं २,३४०. म्हणजे कापूस २५ क्विंटल २० किलो. पावतीवर मात्र आलं १ क्विंटल ८० किलो.

"भाऊ, ट्रॉलीभर कापूस अन् दोन क्विंटलबी नाई?"

त्या शेतकऱ्याला पावती हातानं लिहून दिली. चूक शोधता शोधता माझी रात्र गेली.

प्रोग्राम प्रोसिजरल पद्धतीचा होता. या पद्धतीत काम पायरीपायरीनं चालतं: भरलं वजन घ्या, रिकामं घ्या, भाव लावा, पावती छापा. प्रत्येक पायरीला एक फंक्शन, म्हणजे तेवढंच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. सी ही प्रोग्रामिंगची भाषा याच वळणाची. पण वजनाचे आकडे मी सगळ्या फंक्शनांना उघडे ठेवले होते, टेबलावर पडलेल्या रजिस्टरसारखे. काट्याच्या फंक्शननं २,३४० वजा करून उत्तर भरल्या वजनाच्या रकान्यातच लिहिलं. पावतीच्या फंक्शननं तो आकडा उचलला आणि पुन्हा २,३४० वजा केले. एकेकटं तपासलं तर दोन्ही बरोबर!

मग तोच प्रोग्राम ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीनं लिहिला. इथे आधी ठरवायचं असतं, कोणती माहिती कोणाच्या ताब्यात. 'गाडी' नावाचा क्लास म्हणजे कोरा छापील फॉर्म, आणि फाटकातून आत आलेली प्रत्येक गाडी म्हणजे त्या फॉर्मची भरलेली प्रत, एक ऑब्जेक्ट. आपली दोन्ही वजनं तो स्वतःजवळ ठेवतो, दुसऱ्याला त्यांत खाडाखोड करू देत नाही. पावतीनं फक्त विचारायचं, तुझं निव्वळ वजन किती? वजाबाकी एकाच ठिकाणी होते. उद्या चुकली, तर शोधायची जागाही एकच.

ही पद्धत मुळात रांगांच्याच अभ्यासातून आली, हे मला फार जवळचं वाटतं. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांना रांगेतले ग्राहक आणि त्यांना सेवा देणारी ठिकाणं संगणकावर उभी करायची होती. आणखी एक काटा बसवला तर बाहेरची रांग किती घटेल, त्याच जातीचा हा प्रश्न. त्यातून घडत गेलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. संगणकशास्त्रातला मोठा मान असलेला ट्युरिंग पुरस्कार २००१ साठी दोघांना मिळाला.

म्हणून प्रोसिजरल पद्धत टाकाऊ ठरत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही मुख्यतः सीमध्येच आहे. दिवसभरात आलेल्या कापसाच्या ओलाव्याची सरासरी काढणारा माझा चाळीस ओळींचा प्रोग्राम मी तसाच ठेवलाय. तिथे क्लास घालणं म्हणजे उगाच पसारा.

पुढच्या हंगामात जिनिंगवर दुसरा काटा आला, तो किलोऐवजी टनात वजन द्यायचा. 'गाडी' क्लासमध्ये चार ओळी बदलल्या. पावतीच्या कोडला हातही लावावा लागला नाही.