स्वसहसंबंध

एखादा संकेत (सिग्नल, म्हणजे ओळीने घेतलेल्या मूल्यांची मालिका) काही अंतराने सरकवून त्याचाच मूळ संकेताशी ताळा घेतला, तर दोन्हींत किती साम्य उरते हे दाखवणारे माप. सरकवण्याच्या अंतराला विलंब म्हणतात. अभियांत्रिकीच्या वर्गात ‘लॅग’ हाच शब्द रुळला आहे. प्रत्येक विलंबासाठी समोरासमोर आलेल्या मूल्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज करायची, एवढीच कृती. तत्पूर्वी सरासरी वजा करणे जवळजवळ नेहमीच गरजेचे असते. ती तशीच ठेवली तर सगळ्याच विलंबांची उत्तरे मोठी दिसतात आणि आलेखातून काही कळत नाही.

उदाहरणादाखल २, १, −१, −२, २, १, −१, −२ ही आठ मूल्ये घेऊ. विलंब शून्य असताना बेरीज २० येते. पुढच्या चार विलंबांना अनुक्रमे २, −१२, −५ आणि १० मिळतात. चौथ्या विलंबाला आकृती तंतोतंत स्वतःवर बसते, तरी उत्तर २० नव्हे, १० आहे, कारण आता आठऐवजी चारच जोड्या उरल्या. जोड्यांच्या संख्येने भागले की दोन्हीकडे २.५ येते. मात्र मोठ्या विलंबांना जोड्या इतक्या कमी उरतात की असे भागलेले उत्तर भरवशाचे राहत नाही. म्हणून कित्येक जण मुद्दामच एकूण नोंदींच्या संख्येने भागतात आणि उत्तर थोडे एका बाजूला झुकते हे पत्करतात.

शून्य विलंबाला मूल्य सर्वांत मोठे असते. पुढे सरकवा वा मागे, उत्तर तेच येते. आवर्ती संकेताचा स्वसहसंबंधही त्याच आवर्तनाने फिरतो, तर निव्वळ यादृच्छिक गोंगाटाचा शून्यापाशी एक टोकदार सुळका उभा राहून बाकी सारे सपाट होते. नॉर्बर्ट वीनर (१९३०) आणि अलेक्सांद्र खिंचिन (१९३४) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार स्वसहसंबंधाचे फूरिये रूपांतर (निरनिराळ्या कंप्रतांत फोड करण्याची गणिती रीत) म्हणजे संकेताचा शक्तिवर्णपट, अर्थात कोणत्या कंप्रतेत किती शक्ती आहे याचे चित्र. संगणक लांबलचक नोंदींचे काम याच वाटेने, जलद फूरिये रूपांतर वापरून करतात.

स्वर ओळखणे हा याचा सर्वांत परिचित उपयोग. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, तेव्हापासून कोल्हापूरला जयपूर-अत्रौली गायकीचा कान आहे. त्या कानाला तंबोऱ्याचे उदाहरण सहज पटेल. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ धरू. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनीची एकेका क्षणाची मोजमापे, घेतलेल्या ध्वनिमुद्रणात त्याचे एक आवर्तन ३१८ नमुन्यांच्या आसपास पूर्ण होते. षड्जात लावलेल्या एकट्या जोडीच्या तारेचा स्वसहसंबंध काढला तर तिथे शिखर दिसते. पण ६३६ वरही दिसते, ९५५ च्या जवळही. चुकून दुसरे शिखर उचलले की प्रणाली स्वर एक सप्तक खाली सांगते. स्वर ओळखणाऱ्या ॲपांची ही जुनी खोड.

चारही तारा एकत्र घुमत असतील तर प्रकार आणखी मजेशीर. खरज (एक सप्तक खालचा षड्ज), मंद्र पंचम आणि जोडीचा षड्ज यांच्या कंप्रता २ : ३ : ४ या प्रमाणात असतात. ६३६ नमुने सरकवल्यावर खरज आणि षड्ज जुळतात, पण पंचम दीड आवर्तन पुढे गेलेला असतो आणि त्याचा मूळ स्वर उलटा पडतो. तिन्हींचा मेळ बसतो तो साधारण १,२७३ नमुन्यांवर, म्हणजे ३४.६५ हर्ट्झला. हा स्वर कोणत्याच तारेवर लावलेला नाही! गणित चुकलेले नसते. त्याला आवर्तन विचारले होते, त्याने आवर्तन सांगितले.

गोंगाटात दडलेले आवर्तन शोधायलाही हेच साधन कामी येते. मिनिटाला १,४४० फेरे घेणाऱ्या मोटरच्या कंपनांत दर ४१.७ मिलिसेकंदांनी येणारा ठोका शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतल्या कल्लोळात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही; विलंब वाढवत नेला की गोंगाटाचा वाटा गळतो आणि ठोक्याचा टिकतो.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या बाबतीत प्रश्नच वेगळा असतो. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा गाठते की ४३ फुटांची धोका रेषा, याकडे पावसाळाभर सगळ्या शहराचे लक्ष असते. इथे शोधायचे आवर्तन नाही, स्मृती आहे. आजची पातळी कालच्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, कारण गगनबावड्याकडे पडलेला पाऊस बंधाऱ्यापर्यंत उतरायला वेळ लागतो, राधानगरीचे दरवाजे उघडले की विसर्गाची भर पडते आणि नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल तर फुगवट्यामुळे पंचगंगेचा निचरा रखडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १२२ दैनिक नोंदी होतात. शून्य विलंबाचे मूल्य १ मानून एका दिवसाच्या विलंबाला स्वसहसंबंध ०.९ आहे आणि पुढे तो रोज त्याच पटीने घटतो असे धरले, तर सरासरीच्या खात्रीपुरत्या या साऱ्या नोंदी जेमतेम सहा-सात स्वतंत्र नोंदींच्या तोलाच्या ठरतात. रोजचा आकडा हा स्वतंत्र पुरावा समजून ठोकलेले निष्कर्ष म्हणूनच संशयाने वाचावेत. शिवाय हंगामी चढउतार आधी वजा केला नसेल, तर ऋतूचा परिणाम नदीच्या स्मृतीच्या खात्यावर जमा होतो आणि ती आहे त्याहून लांब भासते.

या मापाची एक मर्यादा नदीवरच उत्तम दिसते. पूर झपाट्याने चढतो आणि इंचाइंचाने उतरतो. तीच नोंद उलट्या क्रमाने मांडली, म्हणजे पाणी संथ चढले आणि धाडकन ओसरले असे दाखवले, तरी स्वसहसंबंध तसूभरही बदलत नाही. काळाची दिशा त्याला कळतच नाही. चढणीचा आणि उताराचा वेग तपासायचा तर रोजच्या पातळीतले फरक वेगळे काढून पाहावे लागतात.