खिडकी लाकडाची की लाकडासारख्या प्लास्टिकची: ही निवड समोर आली कशी

खिडक्या बदलायला काढल्या की हल्ली हमखास दोन सँपल समोर येतात. एक खऱ्या लाकडाचं आणि दुसरं यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकचं, ज्यावर लाकडाच्या रेषा उमटवलेल्या असतात, आणि लांबून बघितलं तर पटकन फरक कळत नाही. मग बोलणं लगेच खर्च आणि मेंटेनन्सवर जातं, ते साहजिकच आहे, पण मला वाटतं ही दोन सँपल एकाच टेबलावर आली कशी हे आधी समजून घ्यावं. कारण प्लास्टिकच्या खिडकीने ज्या लाकडाला हरवलं ते मुळात फार कमकुवत लाकूड होतं, आणि ही गोष्ट विक्रेता कधी सांगत नाही.

खिडकी म्हणजे आधी वाऱ्याची वाट. आपल्याकडे वातायन म्हणतात, आणि इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत शोधलं तर तिथेही अर्थ निघतो 'वाऱ्याचा डोळा'. काच नंतर आली. चौकट मात्र बहुतेक ठिकाणी लाकडाचीच, कारण लाकूड हाताच्या हत्यारांनी तासता येतं, खाचेत कुसू घट्ट बसवून जोडता येतं आणि एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच काढून नवा घालता येतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लाकडी चौकटीवर पहिली मोठी शंका आगीमुळे आली. लंडनमध्ये १६६६ साली प्रचंड आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. नंतर १७०९ च्या कायद्याने तिथे खिडकीच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून ४ इंच आत बसवायला लावल्या, आणि १७७४ च्या कायद्याने तर चौकटीचा बराचसा भाग विटांच्या आड लपवायला लावला. हेतू आगीचा होता पण फायदा पावसापासूनही झाला, आत सरकलेल्या चौकटीवर पाणी कमी पडतं, त्यामुळे ती जास्त टिकते. त्याच काळात इंग्लंडमध्ये खिडक्यांवर करही होता, १६९६ ते १८५१, आणि लोकांनी तो चुकवायला खिडक्या चक्क विटांनी बुजवून टाकल्या होत्या.

काचेने पण चौकटीचा आकार ठरवला. जुन्या पद्धतीत मोठी, सपाट काच करणं अवघड होतं म्हणून एका झडपेत बारीक बारीक तावदानं आणि मध्ये लाकडी पट्ट्या. १९५९ मध्ये पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने फ्लोट ग्लासची पद्धत जाहीर केली, वितळलेल्या कथलावर काच तरंगवायची म्हणजे ती दोन्हीकडून आपोआप सपाट होते, आणि मोठी सपाट काच करणं सोपं झालं, त्या पट्ट्यांची गरज उरली नाही. आज प्लास्टिकच्या खिडकीत दोन काचांच्या मधे जी नकली जाळी दिसते ती त्या गरजेची नुसती आठवण आहे.

आता लाकडाचा खरा प्रश्न. जुन्या खिडक्या शंभर-दीडशे वर्षं टिकल्या त्याचं मोठं कारण म्हणजे ते सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड होतं. झाड आपल्या गाभ्यात राळ आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं साठवतं, सालीकडच्या भागात ती जवळपास नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची प्रचंड घाई होती, झटपट वाढवलेलं, सालीकडचा भाग भरपूर असलेलं लाकूड खिडक्यांना वापरलं गेलं, वर पाणी आत अडकवून ठेवणारा रंग, आणि ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकातल्या नव्या घरांच्या खिडक्या काही वर्षांतच खालच्या पट्टीपासून कुजायला लागल्या. लाकडात ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणजे दोष लाकूड या वस्तूचा नव्हता, निवडीचा आणि पाणी अडकण्याचा होता. पण 'लाकडी खिडकी म्हणजे कटकट' हे मत लोकांच्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

तोवर प्लास्टिक तयार होऊन बसलं होतं. पीव्हीसीची गोष्ट मजेशीर आहे, १८७२ मध्ये जर्मनीत ऑयगेन बाउमान या रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या, व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेल्या नळीत पांढरा घट्ट पदार्थ तयार झालेला दिसला, तेच पीव्हीसी. त्याचं पुढे काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. १९१३ मध्ये फ्रिट्झ क्लाट्टे यांनी पेटंट घेतलं, १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ते मऊ, लवचिक करण्याची युक्ती काढली. खिडकीला मात्र मऊ करणारी द्रव्यं न घातलेलं कडक पीव्हीसी लागतं, यूपीव्हीसीमधलं 'यू' त्याचंच, आणि अशा खिडक्या जर्मनीत १९५० च्या दशकात बनायला लागल्या. वजनाने बघितलं तर पीव्हीसीत ५७ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, ते मिठातून येतं, उरलेला भाग तेल किंवा गॅसमधून. आणि ज्या उन्हात हा पदार्थ पहिल्यांदा दिसला तेच ऊन त्याला खातं, म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी आणि पदार्थ टिकवून धरणारे स्टॅबिलायझर घालावे लागतात. खिडक्या पांढऱ्या का असायच्या याचंही एक उत्तर हेच.

१९७३ च्या तेलसंकटानंतर घर गरम ठेवण्याचा खर्च भडकला, थंड देशांत दुहेरी काच हवी झाली आणि जड दुहेरी काचेसाठी आतून पोकळ कप्पे असलेली प्लास्टिकची चौकट सोयीची पडली. रंग नाही, कुजणं नाही, ही जाहिरात त्या कुजक्या खिडक्यांनी कंटाळलेल्या माणसाला पटली नसती तरच नवल!

मग लाकडाचा चेहरा कशाला? कारण जुन्या गल्लीत चकचकीत पांढरी चौकट डोळ्यांना खुपते. त्यावर तोडगा म्हणून प्रोफाइलवर, म्हणजे चौकटीच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, लाकडाची नक्षी छापलेली, बोटाला रेषा लागतील अशी उठाव दिलेली पातळ फिल्म चिकटवायला लागले. काम खूप सफाईचं असतं, पण कोपऱ्याकडे नीट बघा. सुताराच्या खिडकीत उभी पट्टी वरपासून खालपर्यंत अखंड जाते आणि आडवी पट्टी तिला येऊन भिडते, रेषा काटकोनात थांबतात. प्लास्टिकचे तुकडे ४५ अंशांत कापून, टोकं तापवून एकमेकांत वितळवून जोडतात, त्यामुळे लाकडाच्या रेषा कोपऱ्यात तिरक्या एकमेकांवर आदळतात, असं खिडकीच्या लाकडी झडपेत सहसा दिसत नाही. हे लक्षात आल्यावर काही कंपन्यांनी काटकोनातले सांधे आणले, म्हणजे प्लास्टिकला सुताराची पद्धत पुन्हा शिकावी लागली.

गडद फिल्मने दुसरी अडचण आणली, उष्णतेची. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी ४० अंश तापली तर साधारण ४ मिलिमीटर वाढते, लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने तेवढ्याच तापमानात पाव मिलिमीटरच्या आसपास. गडद रंग पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून अशा चौकटीत आत लोखंडी पट्टी घालून तिला ताठ ठेवतात आणि भिंतीत बसवताना जागा सोडावी लागते. लाकडाचं उलट, उन्हाने नाही पण दमट हवेने ते आडवं फुगतं, झडप घासायला लागते.

विषारीपणाचाही इतिहास आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत पीव्हीसी कारखान्याच्या कामगारांना यकृताचा एक दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं उघड झालं, कारण होतं व्हिनाइल क्लोराइड वायू, त्यानंतर कारखान्यांचे नियम एकदम कडक झाले. तयार खिडकीत तो प्रश्न उरत नाही. स्टॅबिलायझर म्हणून शिसं मात्र बरीच वर्षं वापरलं गेलं, युरोपियन उद्योगाने ते २०१५ च्या अखेरीपर्यंत बंद केलं. जुन्या लाकडी खिडक्यांच्या रंगातही शिसं असायचं, घासायच्या आधी तपासून घ्या, ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात.

इकडे लाकूडवालेही थांबले नाहीत. अॅसेटिलेशन नावाची प्रक्रिया आली, लाकूड अॅसेटिक अॅनहायड्राइड या रसायनात मुरवून त्याची पाणी धरण्याची क्षमताच कमी करायची, आणि २००७ मध्ये नेदरलँड्सच्या आर्नहेममध्ये 'अकोया' या नावाने त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. झटपट वाढणाऱ्या पाइनला त्याने गाभ्याच्या लाकडाइतका टिकाऊपणा येतो. म्हणजे १९६० च्या दशकातली चूक दुरुस्त व्हायला चाळीसेक वर्षं लागली.

माझं मत विचाराल तर, जो माणूस दर काही वर्षांनी हातात ब्रश घेणार आहे त्याने लाकूड घ्यावं, आणि जो नक्कीच घेणार नाही त्याने प्लास्टिक, पण मग शक्यतो साधं, नक्षी नसलेलं. वितळवून जोडलेला कोपरा तडकला की सहसा अख्खी झडप बदलावी लागते, लाकडात फक्त खालची पट्टी बदलून भागतं. आणि जुन्या खिडक्या काढून टाकायच्या आधी खालच्या पट्टीच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर तेवढाच भाग गेलाय, घट्ट लागलं तर लांबी (पुट्टी) आणि रंग बास आहे.