वीरगळाला दुपारचंच ऊन हवं

कोवळ्या उन्हात फोटो काढा, भर दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा, हा फोटोग्राफीचा पहिला धडा सगळ्यांना पाठ असतो. पण पुण्याहून सावकाश निघालेला माणूस खंबाटकी उतरून, भुईंजला चहा घेऊन साताऱ्याच्या जवळ येतो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो. मग रस्त्याकडेचं सगळं सोडून द्यायचं? माझं मत उलटं आहे. काही गोष्टींचा फोटो दुपारीच चांगला येतो, आणि त्यात पहिला नंबर वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांचा.

चंदन-वंदन गडांच्या पायथ्याचं किकली गाव वीरगळांसाठी ओळखलं जातं. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेकडो वर्षांच्या ऊनपावसानं झिजून कोरीव कामाचा उठाव इतका कमी राहिलेला असतो की कित्येकदा नुसता काळा दगडच दिसतो. कोरीव काम डोळ्याला कळतं ते त्याच्या सावलीमुळे, आणि सावली किती पडणार हे ऊन दगडावर किती तिरकं येतं त्यावर ठरतं.

हिशोब करून बघू. सातारा साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, तोही बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि सातारा 74 अंशांवर आहे. त्या दिवसांत पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या वीरगळावर सकाळी आठला ऊन जवळजवळ समोरून पडतं. 1 सेंटिमीटर उठावाची सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर. अकरा वाजता तेच ऊन दगडाच्या अंगाला घासून खाली उतरतं आणि त्याच उठावाची सावली अडीच सेंटिमीटर होते. तलवारीची धार, घोड्याचा लगाम, सगळं वर येतं. शिलालेखांचंही तेच. अक्षरं दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पीठ फासणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

डिसेंबरात मात्र ऐन दुपारीही सूर्य डोक्यापासून 41 अंश दक्षिणेला असतो. तेव्हा दक्षिणाभिमुख दगड निवडावा.

उभ्या दगडाला जे मानवतं ते डोंगराला मानवत नाही. सूर्य वर आला की उतारावरच्या घळींच्या सावल्या आखडतात, आणि हायवेवरून दिसणारा अजिंक्यतारा कागदातून कापून चिकटवल्यासारखा सपाट होतो. माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तिथे जुना धडाच खरा.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर मात्र पुन्हा दुपारची. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधवलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद आहे. या मापाच्या विहिरीत थेट तळापर्यंत ऊन उतरायचं तर सूर्य डोक्यापासून साधारण 24 अंशांच्या आत हवा. म्हणजे उन्हाळ्यातले दुपारचे मोजके तास. पाणी वर असेल तर थोडी सवलत मिळते.

आता खरी अडचण. काळा बेसाल्ट पडलेल्या उजेडाचा ढोबळमानानं दहावा हिस्सा परत फेकतो, ताजा चुना आठ दशांश. काळ्या पाषाणाचं देऊळ, वर पांढरं शिखर आणि आत अंधारा मंडप असेल, तर एकाच चौकटीत शेकडो पटींचा फरक येतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं असणार असं धरून चालतं. काळा दगड दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड, वाढवतं. दगड राखाडी होतो आणि शिखर पांढरंफटक. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखा असतो. भरल्यावर वरून किती वाहून गेलं हे घागर सांगू शकत नाही. म्हणून जळालेला पांढरा भाग नंतर एडिटिंगमध्ये परत मिळत नाही, काळोखातला तपशील बराचसा मिळतो. फोनच्या स्क्रीनवर शिखरावर बोट टेकवा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा. एचडीआर चालू असेल तर फोन लागोपाठ अनेक फोटो घेऊन स्वतःच जुळवतो. धावत्या गाडीतून मात्र त्यात विजेचे खांब दुहेरी उमटू शकतात.

पोलरायझर फिल्टर, म्हणजे ठरावीक दिशेनं कंपणारा प्रकाश अडवणारी लेन्सवरची काच, जवळ असेल तर तो दुपारीच काढा. आकाशाचा प्रकाश सूर्यापासून 90 अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा, असतो. सूर्य डोक्यावर असताना हा पट्टा क्षितिजालगत चहूबाजूंनी असतो, त्यामुळे धुरळा नसेल तर कुठल्याही दिशेचं आकाश गडद करता येतं. तेल-शेंदूर माखलेल्या दगडावरची चकाकीही तिरक्या कोनातून बरीच उतरते. फक्त डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल आणि फोन आडवा धरल्यावर स्क्रीन काळाठिक्कर दिसला, तर दुकान शोधू नका. गॉगल काढा.