कपड्यांआड पिस्तूल बाळगण्यासाठी हाताने घडवलेले चामड्याचे होल्स्टर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे होल्स्टरची मागणी नोंदवायला येणारे बहुतेक ग्राहक सर्वांत आधी विचारतात, ‘हे बाहेरून दिसणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे, परंतु आमच्या लेखी तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न चापाचा. पिस्तूल होल्स्टरमध्ये असताना चापापर्यंत बोट, शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी यांपैकी काहीही पोहोचता कामा नये, आणि पिस्तूल आत सरकवताना खुद्द होल्स्टरच्या चामड्याची घडीही चापावर दाबली जाता कामा नये. होल्स्टर ही पिशवी नव्हे. ते एका विशिष्ट पिस्तुलाच्या अंगावर बसवलेले कठीण कवच आहे. पुढे चामड्याची निवड, शिलाई आणि वाळवण यांविषयी जे सांगितले आहे, त्याचे कारण बहुतेक वेळा चापापाशीच सापडेल.

शस्त्र बाळगण्याची परवानगी आणि ते झाकून बाळगण्याची परवानगी या काही ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. आपल्याला लागू असलेला कायदा पाहूनच मागणी नोंदवावी, ही विनंती.

चामडे

आम्ही होल्स्टरसाठी केवळ झाडांच्या सालींतील टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेले चामडे वापरतो, बहुधा गुराचे. जॅकेट, पर्स आणि बुटांचे वरचे भाग यांसाठी सहसा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे वापरले जाते. ते मऊ, लवचीक आणि पाण्याला बरेचसे दाद न देणारे असते, आणि नेमके त्यामुळेच आमच्या कामाला निरुपयोगी ठरते. ओले करून दाबले तरी ते वाळल्यावर पुन्हा ढिले पडते. टॅनिनने कमावलेले चामडे मात्र ओले असताना मातीसारखे वळते आणि वाळले की दिलेला आकार धरून बसते. चामड्याच्या होल्स्टरची सगळी कला या एका गुणावर उभी आहे.

कातडे एकच असले तरी त्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा आणि खांद्याचा भाग घट्ट विणीचा असतो, तर पोटाकडचा भाग सैल असून ताणला की लांबतो. पोटाच्या भागाचे होल्स्टर पहिल्या महिन्यात उत्तम वाटते आणि वर्षभरात पिस्तूल त्यात खुळखुळू लागते. असा भाग आम्ही नमुने काढण्यासाठी बाजूला ठेवतो.

चामड्याच्या धंद्यात जाडी औंसात सांगण्याची रीत आहे. एक औंस म्हणजे इंचाचा ६४ वा भाग, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. पट्ट्याच्या बाहेर लटकणाऱ्या होल्स्टरसाठी आम्ही आठ ते नऊ औंसांचे, म्हणजे ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडीचे चामडे घेतो, आणि विजारीच्या आत बसणाऱ्यासाठी सहा ते सात औंसांचे. घोड्याचे चामडेही मागणीनुसार वापरतो. ते अधिक घट्ट असते, घाम कमी शोषते आणि कमी जाडीतही ताठ राहते, परंतु साच्यावर बसवताना हात दुखवते आणि त्याचा पृष्ठभाग गाईच्या चामड्याइतका एकसारखा दिसत नाही. ज्यांना खूप घाम येतो त्यांना आम्ही तेच सुचवतो.

आत की बाहेर

विजारीच्या आत बसणारे होल्स्टर सर्वांत चांगले लपते, कारण पिस्तुलाचा मूठ सोडून बहुतेक भाग कमरेच्या रेषेखाली जातो. त्याची किंमत शरीराला मोजावी लागते: विजार कमरेत तीन ते पाच सेंटिमीटर सैल असावी लागते आणि पहिले काही दिवस चिमटल्यासारखे वाटते. पट्ट्याबाहेरचे होल्स्टर अंगाला सुखाचे असते, पण त्यावर लांब शर्ट किंवा जॅकेट हवेच. दोन सपाट तुकडे पिस्तुलाच्या दोन्ही बाजूंनी शिवून, कडेला पट्टा ओवण्याच्या फटी ठेवलेला ‘पॅनकेक’ हा प्रकार अमेरिकेत होल्स्टर बनवणारे रॉय बेकर यांच्या नावाने ओळखला जातो. तो पिस्तूल कमरेशी ओढून धरतो, म्हणून बाहेरच्या होल्स्टरमध्ये आम्ही त्यालाच पसंती देतो. आतल्या प्रकारात होल्स्टर बनवणारे ब्रूस नेल्सन यांच्या ‘समर स्पेशल’ या आराखड्याचे ऋण आम्ही मानतो. त्यात चामड्याची खरबरीत बाजू बाहेर आणि गुळगुळीत बाजू पिस्तुलाकडे असते, त्यामुळे होल्स्टर कपड्यात जागा धरून राहते आणि पिस्तूल मात्र अडखळत नाही.

कमरेच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, किंचित मागे बाळगायचे असेल तर पिस्तूल १० ते १५ अंश पुढे कललेले ठेवतो. मूठ वर उचलली जाते आणि वाकल्यावर शर्टाला टोक येत नाही. पोटाच्या पुढच्या बाजूला बाळगणाऱ्यांसाठी असा कल बहुधा गैरसोयीचा ठरतो, त्यांना सरळ ठेवण देतो. पाठीच्या कण्यावर बसणारे होल्स्टर आम्ही बनवत नाही. मागे पडल्यास त्या जागी कठीण वस्तू असणे बरे नव्हे, आणि मागचा शर्ट वर सरकला तर बाळगणाऱ्याला ते कळतही नाही.

मागणी देताना काय सांगावे

पिस्तुलाचे पूर्ण नाव, नळीची लांबी आणि पिढी, म्हणजे त्या नमुन्याची कितवी आवृत्ती, हे आम्हाला हवे असते. ‘नऊ मिलिमीटरचे’ एवढे सांगणे म्हणजे शिंप्याला ‘मध्यम बांध्याचा माणूस’ असे सांगण्यासारखे आहे. नळीखाली दिवा आहे का, स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, ऑप्टिक (नेम धरण्याचे भिंग) बसवले आहे का, पुढची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाकडे असलेला उंचवटा, नेहमीपेक्षा उंच आहे का, हेही कळवावे. दिवा बसवलेल्या पिस्तुलाचे होल्स्टर दिवा काढल्यावर त्याच पिस्तुलाला धरत नाही. याखेरीज आपला हात उजवा की डावा आणि पट्ट्याची रुंदी, जी साधारणपणे ३२, ३८ किंवा ४५ मिलिमीटर असते, ती मोजून सांगावी. ३८ च्या पट्ट्यावर ४५ ची फट घेतली तर होल्स्टर दिवसभर डुलत राहते आणि दोष शिलाईच्या माथी येतो. पट्टाही दुपदरी आणि ताठ हवा. मऊ पट्ट्यावर कोणतेच होल्स्टर नीट बसत नाही.

कापणी आणि शिलाई

कागदावर पिस्तुलाची बाह्यरेषा काढली की तिच्यापासून शिलाई किती अंतरावर घ्यायची, हे ठरवण्याचा आमचा आडाखा साधा आहे: पिस्तुलाच्या जाडीच्या निम्मे, अधिक चामड्याची जाडी. २८ मिलिमीटर जाडीचे पिस्तूल आणि ३ मिलिमीटरचे चामडे असेल तर हे अंतर १७ मिलिमीटर येते. ही केवळ सुरुवात असते. चापाभोवतीच्या कडीपाशी, म्हणजे ट्रिगर गार्डपाशी, पिस्तूल अरुंद असते, म्हणून तिथे शिलाई आत घेतो, आणि होल्स्टर पिस्तुलाला जी पकड देते तिचा मोठा वाटा या वळणातून येतो.

होल्स्टरच्या तोंडाला चामड्याचा दुसरा पदर लावतो आणि आतल्या प्रकारात त्या दोन पदरांमध्ये पोलादाची पातळ पट्टी घालतो. पिस्तूल बाहेर काढल्यावर पट्ट्याच्या दाबाने तोंड मिटले, तर ते उघडण्यासाठी दुसरा हात लागतो, आणि तो हात नळीच्या समोर जाण्याचा धोका असतो. तोंड उघडे राहणे ही म्हणूनच आमच्याकडे न तडजोडीची बाब आहे.

शिलाईसाठी मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि छिद्रांसाठी आरी वापरतो. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एखादा टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. चांगल्या जड यंत्राची शिलाईही टिकाऊ असते, तिला आम्ही नावे ठेवत नाही. परंतु ट्रिगर गार्डच्या वळणावर टाका किती ओढायचा, हे हातालाच कळते. इंचाला सहा टाके आम्ही घेतो. त्याहून दाट शिलाई नाजूक दिसते खरी, पण छिद्रे इतकी जवळ आली की जाड चामडेही टपाल तिकिटांच्या पानासारखे त्या रेषेवर फाटू लागते.

ओले चामडे

शिवलेले होल्स्टर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवतो. चामड्यातून बुडबुडे येतात. ते मंदावले की बाहेर काढून ठेवतो. लगेच काम सुरू करत नाही. गडद झालेला रंग कडांकडून पुन्हा फिका होऊ लागतो, आणि अंगठा दाबला की पाणी न सुटता ठसा राहतो, तेव्हा चामडे तयार झाले असे समजावे. खऱ्या पिस्तुलाऐवजी त्याच मापाचा भरीव नकली साचा आत सरकवतो. साच्यावर माशीच्या रेषेत एक लाकडी काडी चिकटवलेली असते, जेणेकरून पिस्तूल काढताना माशी चामड्याला खरवडणार नाही. मग आधी अंगठ्यांनी आणि नंतर घासून गुळगुळीत केलेल्या हाडाने स्लाइडची कड, ट्रिगर गार्ड आणि पुढचा उतार उठवत जातो. हे काम साधारण तासाभरात उरकावे लागते. त्यानंतर चामडे ऐकत नाही.

काही ग्राहक पिस्तुलावरील प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक खाच उमटलेले होल्स्टर मागतात. छायाचित्रात ते देखणे दिसते. पण रिकामी काडतुसे बाहेर पडण्याच्या खिडकीत चामडे खोल दाबले तर पिस्तूल काढताना तिथेच ते अडकते. आम्ही पकडीला लागेल तेवढेच उठवतो, आणि याबाबत आग्रह केल्यास नम्रपणे नकार देतो.

या टप्प्याला मेज अतिशय स्वच्छ लागते. आमच्याकडे एकदा कानशीने घासलेल्या लोखंडाचा कीस मेजावर राहिला आणि जवळजवळ पूर्ण झालेल्या ओल्या होल्स्टरवर मोहरीएवढे निळसर काळे ठिपके उमटले. लोखंड आणि टॅनिन यांचा ओलाव्यात संयोग झाला की असा काळा रंग तयार होतो. लिहिण्याची जुनी काळी शाई याच क्रियेतून बनत असे. तो डाग पुसून जात नाही. ते होल्स्टर आम्ही काळे रंगवून स्वतःकडे ठेवले, आणि लोखंडाचे काम तेव्हापासून दुसऱ्या खोलीत होते.

वाळवण सावलीत, हवेशीर जागी होते. वाळवण्याच्या कपाटातील उष्णता वापरलीच तर ती ४५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देत नाही. ओल्या चामड्याला जास्त आच लागली की ते आक्रसते आणि वाळल्यावर ठिसूळ होते. बरोबर वाळलेल्या होल्स्टरवर टिचकी मारली की लाकडावर मारल्यासारखा आवाज येतो. तो येईपर्यंत एक ते तीन दिवस लागतात, आणि तातडीच्या मागण्या आम्ही घेत नाही त्याचे हेच कारण आहे.

त्यानंतर रंग, अगदी हलका तेलाचा हात, घासून चकचकीत केलेल्या कडा आणि मेणाचा थर. आतल्या बाजूला रंग लावत नाही.

घरी नेल्यावर

नवे होल्स्टर घट्ट असते, आणि ते तसेच असले पाहिजे. पिस्तूल पूर्ण रिकामे करून, खिडकी आणि नळी डोळ्यांनी तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पिस्तुलावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ते होल्स्टरमध्ये पूर्ण सरकवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. नंतर पिशवी काढून रिकाम्या पिस्तुलानेच पन्नासएक वेळा आत-बाहेर करावे. अंथरुणावर होल्स्टर उलटे धरले असता रिकामे पिस्तूल आपल्या वजनाने पडू नये, आणि ते ओढताना होल्स्टर पट्ट्यावर वर येऊ नये, एवढी पकड योग्य समजावी. घट्टपणा घालवण्यासाठी तेल चोळू नये. तेलाने चामडे मऊ होते, आणि मऊ झालेले चामडे आम्हाला पुन्हा ताठ करता येत नाही.

पिस्तूल परत ठेवताना घाई कधीच नसते. बोट चापापासून दूर सरळ ठेवावे, शर्ट बाजूला करून होल्स्टरच्या तोंडाकडे पाहावे आणि अडथळा जाणवला तर जोर न लावता पिस्तूल बाहेर काढून पाहावे.

होल्स्टर भिजले तर पिस्तूल काढून ते सावलीत वाळू द्यावे. ऊन, हीटर, केस वाळवण्याचे यंत्र किंवा तापलेल्या गाडीचा काचेजवळचा भाग यांपासून दूर ठेवावे. एरवी कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. पिस्तूल दीर्घकाळ होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नये, कारण चामडे हवेतील ओलावा आणि आपला घाम धरून ठेवते. त्याने पोलाद गंजते आणि पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो.

महिन्यातून एकदा रिकाम्या होल्स्टरचे तोंड दोन बोटांत धरून दाबून पाहावे. ते लगेच मूळ आकारात आले पाहिजे. जुन्या होल्स्टरचे मऊ पडलेले चामडे आत दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरल्याने, पिस्तूल ठेवताना गोळी सुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. उसवलेली शिलाई, झिजलेली पट्ट्याची फट किंवा ढिले झालेले बटण आम्ही दुरुस्त करून देतो. तोंड मऊ पडलेले किंवा ट्रिगर गार्डपाशी कायमची घडी पडलेले होल्स्टर मात्र दुरुस्तीला घेत नाही. असे होल्स्टर आणल्यास त्याच्या पट्ट्याच्या फटी कापून ते आपल्याला परत देतो, म्हणजे ते चुकूनही दुसऱ्या कोणाच्या कमरेला लागणार नाही.