जुन्या मोटरसायकलचा मूळ जेट कसा शोधायचा?

जुनी मोटरसायकल मूळ रूपात आणायची म्हटलं की टाकीचा रंग, क्रोम, बिल्ले यांवर माणूस जीव ओततो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) पोटात बसलेल्या, नखाएवढ्याही नसलेल्या पितळी जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याची, आठवण सगळ्यात शेवटी होते. मग कुणाला तरी फोन जातो, "मेन जेट कितीचा टाकू?" पलीकडून एक आकडा येतो. सांगणारा मनापासूनच सांगत असतो, पण तो आकडा कुठल्या कार्ब्युरेटरचा आणि कुठल्या सालच्या गाडीचा, हे त्यासोबत येत नाही. ते माहीत नसेल तर नुसत्या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

होंडाची सीबी ७५० घ्या. ही गाडी १९६९ मध्ये बाजारात आली. ७३६ सीसी, चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला केहिन कंपनीचा २८ मिलिमीटरचा स्वतंत्र कार्ब्युरेटर. पहिल्या मॉडेलला मेन जेट होता १२० नंबरचा. पुढच्या के१ मॉडेलला ११० आला आणि त्यानंतरच्या मॉडेलांत १०५. सीसी तेवढेच, कार्ब्युरेटरचा गळा (हवा जाण्याची वाट) तेवढाच. मात्र एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) बदलला, चार कार्ब्युरेटर ओढण्याची पद्धत बदलली (आधी चार वेगळ्या केबल होत्या, के१ पासून एकत्र जोडणी आली) आणि त्याबरोबर जेटही बदलले. त्यामुळे "सीबी ७५० चा मूळ जेट कोणता?" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. गाडीचं नेमकं मॉडेल सांगितल्यावरच उत्तर देता येतं.

१२० आणि ११० यांत असा कितीसा फरक, असं वाटणं साहजिक आहे. केहिनच्या या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११० म्हणजे १.१० मिलिमीटर, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. पण पेट्रोल वाहतं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ११० च्या जागी १२० टाकला की व्यास ९ टक्क्यांनी वाढतो, क्षेत्रफळ मात्र १९ टक्क्यांनी. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर, जवळजवळ एक पंचमांश पेट्रोल जास्त जाऊ लागलं तर गाडी काळा धूर सोडणार, प्लग काजळणार आणि वरच्या वेगात दम टाकणार. १०५ वरून ११० वर जाणं म्हणजे फक्त 'एक नंबर वर' जाणं वाटतं, पण तेही सुमारे १० टक्क्यांचं काम आहे.

केहिनचा हा हिशोब दुसऱ्या कंपनीच्या जेटला लावता येत नाही. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए या ब्रिटिश गाड्यांवर अमालचे कार्ब्युरेटर असत. अमालच्या मेन जेटवरचा आकडा व्यासाचा नसून प्रवाहाचा आहे. ठरावीक दाबाखाली एका मिनिटात त्या जेटमधून किती सीसी द्रव वाहतो, ते त्यावर कोरलेलं असतं. अमालचा १९० म्हणजे १.९ मिलिमीटरचं भोक नव्हे. इटलीच्या डेलोर्टोचा आणि जर्मनीच्या बिंगचा आकडा पुन्हा व्यासाचा. जपानच्या मिकुनीत तर जेटच्या वेगवेगळ्या मालिकाच आहेत. षटकोनी डोक्याचा १०० आणि गोल डोक्याचा १०० सारखंच पेट्रोल सोडतील, असं गृहीत धरू नये.

आपल्याकडे ही गफलत फार होते, कारण कार्ब्युरेटरच बदललेले असतात. जावा-येझदीवरचा मूळ जिकॉव्ह कार्ब्युरेटर काढून तिथे मिकार्ब कंपनीचा बसवलेला दिसतो. अशा गाडीला जावाच्या पुस्तकातला जेटचा आकडा लावायचा म्हटलं तर तो कशाला लावणार? म्हणून शोधाची पहिली पायरी जेट नाहीच. कार्ब्युरेटर बाहेर काढा, रॉकेलने किंवा क्लीनरने धुवा आणि त्याच्या अंगावर, बहुधा फ्लँजजवळ (इंजिनाला जोडणाऱ्या कडेजवळ), ठोकलेला क्रमांक वाचा. तो क्रमांक कारखान्याच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या पानाशी जुळला, तरच त्या पानावरचे जेट तुमच्या गाडीचे. मॅन्युअल कुठल्या देशासाठी छापलं आहे तेही बघावं. एकच मॉडेल दोन देशांत दोन वेगळ्या जेटिंगने (जेटच्या जुळणीने) विकलं जात असे. क्रमांक जुळला नाही, तर आधी कार्ब्युरेटर मूळचा आणायचा की आहे त्याचंच जेटिंग नव्याने बसवायचं, हे ठरवावं लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत.

कॅटलॉगमध्ये मेन जेट, पायलट जेट, निडल जेट, निडल (थ्रॉटलसोबत वर-खाली होणारी निमुळती सुई) आणि तिच्या क्लिपची खाच, स्लाइडचा (गळा उघडणाऱ्या सरकत्या झडपेचा) कटअवे, म्हणजे तिच्या खालच्या काठाचा तिरका काप, असं सगळं मिळून एक कुटुंब दिलेलं असतं. त्यातला एकच सदस्य उचलून चालत नाही, आणि त्याचं कारण कार्ब्युरेटरच्या कामात आहे. इंजिनात ओढली जाणारी हवा गळ्याच्या अरुंद भागातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. फ्लोट चेंबरमधल्या (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतल्या) पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतला फरक पेट्रोलला वर ढकलतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरीने १७९७ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम. गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. पेट्रोल वर येताना वाटेत सगळ्यात अरुंद जागा जिथे असेल, तीच जागा किती पेट्रोल जायचं ते ठरवते.

थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं. थोडा उघडला की स्लाइडचा कटअवे बोलू लागतो. साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलला निडल आणि निडल जेट यांच्यामधली कड्यासारखी फट ही सगळ्यात अरुंद जागा असते. पाऊण थ्रॉटलच्या वर ती फट मेन जेटपेक्षा मोठी होते आणि मगच मेन जेट मालक बनतो. शहरात आपण बहुतेक वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या आतच असतो. तेव्हा गाडी चाळीसच्या वेगाला मिस मारते म्हणून मेन जेट बदलणं म्हणजे भलत्याच जागी औषध लावणं. त्यात दोष नसलेला मेन जेट बिघडतो आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं.

खरा चोर पुष्कळदा निडल जेट निघतो, आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. हजारो किलोमीटर निडल त्याच्या काठाला घासत राहते आणि गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं. अमालचा एक नेहमीचा निडल जेट ०.१०६ इंचाचा, म्हणजे २.६९ मिलिमीटरचा. त्या उंचीवर निडल २.५ मिलिमीटर जाड आहे असं धरा. जेट फक्त एक हजारांश इंच झिजून ०.१०७ झाला, तर भोवतालची फट सुमारे १४ टक्क्यांनी मोठी होते. डोळ्याला दिसणार नाही, नखाला जाणवणार नाही इतकी ही झीज आहे, पण मायलेज पडतं आणि मधल्या वेगात गाडी जड वाटते. जुन्या गाडीवर नवा, अस्सल निडल जेट आणि निडल एकत्र बदलल्याशिवाय बाकी काही ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जेटवर कोरलेल्या नंबरावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. अडकलेला जेट तारेने कोरून साफ करण्याची सवय सगळीकडे आहे. पितळ मऊ असतं. पोलादी तार त्याला ओरबाडते. काहींनी तर ड्रिल फिरवून भोक मोठं केलेलं असतं. नंबर तोच राहतो, भोक वेगळं होतं. नुसता व्यास जुळवून भागत नाही, कारण भोकाच्या तोंडाचा उतार आणि काठाची धार यांवरही प्रवाह अवलंबून असतो. म्हणून तारेने ओरबाडलेला जेट पुन्हा मापात आणण्याच्या नादी लागू नये. साफ करायचा तर क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकावा, आणि शंका आली तर कार्ब्युरेटरच्याच कंपनीचा नवा घ्यावा. स्वस्तातल्या रिपेअर किटमधले जेट मी मूळ जेट मानत नाही.

सगळं मूळचं बसवल्यावरही आज एक अडचण उरते ती पेट्रोलची. ते पूर्वीचं राहिलेलं नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला साधारण ९ पट हवा पुरते. भारतात फेब्रुवारी २०२३ पासून विकायला आलेल्या ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि त्याचं गुणोत्तर सुमारे १३.५ वर येतं. जेट तोच ठेवला तर मिश्रण साधारण ८ टक्क्यांनी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. फोर-स्ट्रोक बुलेट कदाचित थोडी तापेल, पिकअप घेताना अडखळेल. आरएक्स १०० किंवा येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत मात्र आत येणारं मिश्रण पिस्टनला थंडही करतं. लांब चढावर पूर्ण थ्रॉटल दिला तर लीन मिश्रणाने पिस्टन सीझ होऊ (तापून अडकू) शकतो.

उंचीचा परिणाम याच्या उलट होतो. वर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात रिच (इंधन जास्त) होत जातं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे मिश्रण साधारण ७ टक्के रिच होतं. लेहला, ३,५०० मीटरवर, जवळपास १९ टक्के. म्हणजे समुद्रसपाटीला शुद्ध पेट्रोलवर अचूक बसवलेली गाडी ई-२० भरून महाबळेश्वरला नेली, तर हिशोब जवळजवळ बरोबर येतो. तीच गाडी त्याच पेट्रोलवर अलिबागच्या किनाऱ्यावर लीन चालेल.

८ टक्के जास्त प्रवाहासाठी व्यास सुमारे ४ टक्के वाढवावा लागतो. केहिनच्या १०५ ला ते १०९ च्या आसपास येतं, म्हणजे व्यवहारात ११०. पण इथेनॉल फक्त मेन जेटमधून जात नाही. मधल्या थ्रॉटलसाठी निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे निडल वर उचलली जाते आणि फट वाढते. आयडलला एअर स्क्रू किंचित आत घ्यावा. मात्र स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे की इंजिनाच्या, ते आधी बघा. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू बहुधा मिश्रणाचा असतो आणि तो आत घेतला की मिश्रण उलट लीन होतं. हे सगळं करायचं ते मूळ एअर फिल्टर, मूळ सायलेन्सर, बरोबर फ्लोट लेव्हल आणि कॅटलॉगातले जेट बसवून गाडी एकदा चालवून पाहिल्यावरच. फ्लोटची पातळी खाली असेल किंवा इनटेकचा रबर चिरलेला असेल, तरीही मिश्रण लीनच दिसतं, आणि मोठ्या जेटने तो दोष जात नाही.